पट्टेवाल्या माशांची डॉक्टरीण

बोईच्या डोक्यातला मेंदू मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं वय एकाहत्तर होतं, आणि तो मला दाखवला जालन्याकडच्या एका पोरीने. त्याआधी साठ वर्षं मी सारसोळ्याच्या खाडीत बोई मारली. जाळं फेकलं, बोई आली, कालवण झालं, डोकं चोखलं, फेकून दिलं. आत काय असतं ते बघायची कधी गरज पडली नव्हती.

ही पोरगी, यशोधरा, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने आली त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. नवा भाडोत्री आला की एकदा त्याला आपल्या हातचं कालवण घालायचं, ही माझ्या बायकोची, जनाची, रीत. जनाने ताट वाढलं आणि विचारलं, "डोका घेशील का गो? का किलस येल?"

"डोकंच द्या," ती म्हणाली.

मग तिने केसातली पिन काढली, पाण्याने धुतली आणि बोईच्या कवटीचं झाकण असं अलगद उचललं की जनाचा घास हातातच राहिला. आतून पांढरं, मऊ, भाताच्या तीन-चार शितांएवढं काहीतरी काढून तिने ताटाच्या कडेला ठेवलं. "काका, बघा. ही पुढची वास घ्यायची जागा. हे दोन फुगे बघायचे. ही मागची पाठ तोल सांभाळायची."

मी चष्मा लावून वाकलो. "आनि भीती कुठं ठेवतंय तो? मना बघून पलतंय ना."

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. सावळा चेहरा, बारीक अंग, भिंगांचा चष्मा. "हाच तर माझा अभ्यास आहे," ती म्हणाली. मग ते पांढरं तिने बोटाने उचलून तोंडात टाकलं. "वाया कामून घालवायचं?"

"आगो, ही त आपलीच हाय," जना म्हणाली.

जाताना तिने एक ताट झाकून मागितलं. तिचा थोरला भाऊ गौतम वर होता. तो खाली येत नव्हता. तो कुठेच येत नव्हता. दिघ्याला खोली घेऊन तो तिकडच्या कारखान्यात पंधरा वर्षं राबला आणि त्यातून या बहिणीला शाळा, कॉलेज, पुढचं सगळं शिकवलं. ती शिकून डॉक्टर झाली आणि तो आडवा पडला. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचं. वर्ष होत आलं होतं. "बोलतो का?" जनाने विचारलं. "विचारलं तर हो-नाही. स्वतःहून नाही. काही मागत नाही, मावशी. पाणीसुद्धा नाही." हे सांगताना तिचा आवाज कोरडा होता. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, तो भिंतीकडून वळायला हवा होता. बाकीचं सगळं तिने त्याच्या मागे लावून टाकलं होतं.

ती डॉक्टर म्हणजे सुई टोचणारी नव्हे, हे आमच्या गावाला कळायला वर्ष गेलं. रोज संध्याकाळी जिन्यावर म्हाताऱ्या बसलेल्या. कोणाचा गुडघा, कोणाचं पित्त. ती एकेकीला सांगायची, "मावशी, मी माशांची डॉक्टर." त्यावर एकीने खरंच विचारलं, "मंग माझ्या कोलंबीला काय झालाय ता तरी सांग." तिने पिशवीत नाक घालून सांगितलं, "परवाची आहे. टाकून द्या." तेव्हापासून तिचा मान वाढला.

तिची एक खोड होती. तुम्ही काहीही ठामपणे सांगा, ती शांतपणे विचारणार, "किती वेळा?"

मी म्हणालो, अवसेचा खेकडा, आमची चिंबोरी, मांसाने भरलेली असते.

"किती वेळा बघितली?"

"जलमभर."

"आणि पौर्णिमेची किती वेळा फोडून बघितली?"

 पौर्णिमेला चिंबोरी पोकळ म्हणून आम्ही घरात आणतच नाही, मग फोडणार कोण? ती हसली नाही, हे तिचं वाईट. हसली असती तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. मग मी चार महिने अवसेलाही चिंबोऱ्या आणल्या आणि पौर्णिमेलाही आणल्या, वजन केलं, फोडल्या, जनाच्या शिव्या खाल्ल्या. काय निघालं ते मी तिला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

तिच्या कामाची बोंब मात्र गावात फार लवकर झाली. मित्रमंडळाचा अध्यक्ष, माझ्या चुलत भावाचा नातू, ओटीवर येऊन बसला. "नाना, टेन्शन होईल हां. वरची बाई ड्रग्सवर काम करते बोलतात. गर्दुल्यांचा माल. पलीकडच्या सोसायटीवाले पण विचारत होते."

"सोसायटीवाल्यांना सांग, त्यांच्या गटारात काय वाहतंय ता आदी बघा," मी म्हणालो. पण शंका मलाही होती. मी कोणाच्या मागून विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जेट्टीवर फिरायला निघाली तेव्हा मी तिच्यासोबत गेलो आणि सरळ विचारलं.

पूर्ण ओहोटी होती. खाडी लांब गेलेली, कांदळवनाची मुळं उघडी, आणि पार पलीकडे फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. ऊन अजून धुक्यातच होतं. गाळात पाण्याने पाडलेले चर चमकत होते, एकातून दुसरा फुटलेला, दुसऱ्यातून तिसरा. ती कठड्यावर बसली आणि मला त्या चरांकडे बघायला सांगितलं.

"काका, पाणी रोज याच वाटेने जातं-येतं. म्हणून चर खोल होत जातो. हो ना?"

"व्हय."

"डोक्यातही विचारांच्या अशाच वाटा पडतात. दादाचं सगळं पाणी एकाच चरातून वाहतं. मी कामाचा नाही, माझं काही व्हायचं नाही, मी कामाचा नाही. चर इतका खोल झालाय की पाण्याला दुसरीकडे जाताच येत नाही. आता मला सांगा, असले चर पुसतात कधी?"

"उधानाला. मोठा उधान आला की सगला एक पानी. चर नाय, बांद नाय. मंग पानी वसरला की कवा कवा दुसरीकरं नवीन चर परतो."

 तिने वही काढली आणि मी बोललो ते लिहून घेतलं, खाली माझं नाव घातलं. वहीत माझं नाव कोणी लिहिलं असेल तर ते चौथीच्या मास्तरांनी, गैरहजर म्हणून. त्यानंतर हिने.

मग तिने समजावलं. काही आळंबी असतात, काही रसायनं असतात. दूरच्या देशांतली जुनी माणसं देवाच्या कामाला ती खात. मेंदूत आपला स्वतःचा एक रस असतो, सेरोटोनिन त्याचं नाव. तो पेशींच्या दारावर थाप मारून निरोप देतो आणि निघून जातो. हे औषध दिसायला त्याच्या भावासारखं. दाराला वाटतं, तोच आला. दार उघडतं. पण हा पाहुणा लवकर उठत नाही. मग मेंदूतल्या ज्या खोल्या एकमेकींशी कधी बोलत नव्हत्या, त्या बोलायला लागतात. ऐकलेलं दिसायला लागतं. गाण्याला रंग येतो. भिंत श्वास घेते. आणि डोक्यात दिवसभर मी, मी, मी करत बसलेला जो असतो, तो थोडा वेळ गप्प होतो. काही तासांनी पाहुणा जातो, पण त्यानंतर काही दिवस माती मऊ राहते, असं दिसलंय. परदेशात डॉक्टर ते उदास माणसांना देऊन बघतायत, दोन-दोन माणसं शेजारी बसवून. इथे ती माशांना देत होती. सरकारची परवानगी, लोखंडी कपाट, दोन किल्ल्या लावल्याशिवाय न उघडणारं. एक किल्ली तिच्या सरांकडे, एक तिच्याकडे.

"पन पोरी, उधानात घरात पन पानी शिरतंय," मी म्हणालो.

"तेच तर, काका. कोणाच्या घरात शिरेल ते आधी सांगता येत नाही."

त्या सकाळी मी तिला एक गोष्ट सांगितली, जी जनालाही कधी सांगितली नव्हती. मी पंचविशीत असेन. थंडीचे दिवस, पहाटेच्या भरतीला एकटाच होडी घेऊन निघालो आणि मधल्या खाडीत धुकं पडलं. असं की वल्ह्याचं टोक दिसेना. मग हात दिसेना. वारा नाही, आवाज नाही. पाणी आणि धुकं यांचा रंग एकच, दुधासारखा. थोड्या वेळाने मला कळेना की होडी चाललीय की उभी आहे. मग कळेना की मी बसलोय की वाहतोय. माझं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, तेच राहिलं नाही. भीती वाटायला हवी होती. पण घाबरायला मीच नव्हतो. कुठेतरी पाण्याचा एक थेंब पडला, वल्ह्यावरून असेल, आणि तो आवाज मला हिरवा दिसला. हिरवा. नंतर ऊन आलं, वाशीकडचा किनारा दिसला, मी घरी आलो आणि जाळं वाळत घातलं. पण आठ-दहा दिवस मी कोणाशी भांडलो नाही. माझ्या आईने शेजारणीला विचारलं होतं, पोराला काय बाधलंय का.

यशोधरा ऐकताना श्वास घ्यायची विसरली होती. "काका, औषध घेतलेली माणसं हेच सांगतात. अगदी हेच."

"मना फुकट भेटला," मी म्हणालो.

"तू घेतलंस का कंदी?" मी विचारलं.

"नाही."

"मंग मासली न खाता चव सांगतीस?"

"मी चव सांगत नाही, काका. काटा कुठे आहे ते शोधते." हे बोलून ती उठली, कारण वर दादाच्या चहाची वेळ झाली होती.

पुढच्या हिवाळ्यात तिने मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं. तिच्या सरांना विचारून नेलं. तिचं म्हणणं असं की, "आमचा कॅमेरा मासा वर आहे की खाली, एवढंच सांगतो. तो घाबरलाय की नाही, हे तुम्ही बघून सांगाल." मी इस्त्रीचा शर्ट घातला. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगायचं कारण नाही.

आत गेलो आणि मला वाटलं, मी पाण्याखालच्या घरात आलोय. निळसर उजेड, कुठेतरी घुं घुं चाललेलं, आणि भिंतभर काचेच्या टाक्यांत बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर निळे पट्टे. एक वळला की सगळे वळायचे, जसा वाऱ्याने पडदा हलावा. एका टेबलावर आठ वेगळ्या टाक्या, प्रत्येकीत एकेक मासा. तिने हळू आवाजात सांगितलं, मासा नव्या टाकीत सोडला की घाबरून तळाला जातो. तळालाच राहतो. यातल्या चौघांना औषध घातलेल्या पाण्यात ठेवून आणलंय, चौघांना साध्या. "कोणते चार, ते मलापण माहीत नाही. चिठ्ठी सरांच्या खिशात. कळलं की डोळे खोटं बोलायला लागतात."

मी बघत राहिलो. बाकीचे तळाला होते, पण तिघे वर फिरत होते. घाई नाही. देवळात आरती संपल्यावर माणसं रेंगाळतात तसे. मी बोट दाखवलं, "ह्यो, ह्यो आनि तो." तिने लिहून घेतलं.

आणि मग माझ्या हाताने घात केला. खाडीत बोई जाळ्याकडे वळवायची तर होडीच्या फळीवर ठोकतात. ठक-ठक. मासा बिचकला की जाळ्यात. साठ वर्षांची सवय. समोर पाणी, पाण्यात मासा, हाताखाली लाकूड. मी टेबलावर दोन ठोके दिले.

आठही मासे दगडासारखे तळाला गेले.

 तिचे सर दारातून आत आले. तिचा तीन आठवड्यांचा खेळ त्या दिवशीच्या मोजणीवर उभा होता, हे मला नंतर कळलं. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, "टेबलावर दोन ठोके, काकांचे." सर म्हणाले, "अहो, आजचं पान काढून टाका ना." ती म्हणाली, "झालंय ते झालंय, सर. पान राहू दे. मोजणीत धरणार नाही." आणि मग खुर्ची ओढून ती बघत बसली, मीही बसलो. बऱ्याच वेळाने एक मासा वर आला. मग दुसरा. मग तिसरा. मी बोट दाखवलेले तिघे तेच. बाकीचे पाच तळालाच.

चिठ्ठी उघडली. माझ्या तिघांतले दोन औषधवाले होते.

"बघ!" मी म्हणालो. "भीती मोडतंय तुजा औषद. डोल्यानं बघितला मी."

"काका, औषधवाले चार होते. दोन वर आले, दोन नाही आले. आणि तुमचा तिसरा काहीच न घेता आला."

"दोन आले ना?"

"एकदा आले. एकदाच झालं ती गोष्ट, काका. पुरावा नाही."

मी तिचं ऐकलं नाही. त्या तिसऱ्या माशाला मी डोक्यातून काढून टाकलं, आणि तळाला राहिलेल्या दोघांनाही. मला तिथून येताना फक्त वर येणारे दोन मासे दिसत होते, निळ्या उजेडात, सावकाश. आणि आमच्या वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला गौतम दिसत होता. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की या पोरीचं काळीज दगडाचं आहे. कपाटात औषध, किल्ली गळ्यात, आणि भाऊ तळाला.

मी तिला तोंडावर तसं म्हणालो. ती म्हणाली, "नाही देता येणार, काका." मी कारण विचारलं नाही. मी अबोला धरला. अबोला धरला की मी महिना-महिना सोडत नाही, हे गाव जाणतं.

आणि एक दिवस ती कामावर गेल्यावर मी जिना चढून वर गेलो. गौतम पडला होता तसाच होता. मी त्याच्या पाठीला सांगितलं. "गौतम, तुज्या बहिनीकरं औषद हाय. मी डोल्यानं बघितलाय. ती देत नाय." पाठ हलली नाही. मी खाली आलो. मला वाटलं होतं, मी चांगलं काम केलं.

रविवारची दुपार होती. मी जिन्याखाली जाळं शिवत होतो. वरच्या गॅलरीत ती मेथी निवडत बसली होती. दार वाजलं आणि गौतम बाहेर आला. ते राहायला आल्यापासून मी त्याला उन्हात पाहिला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे बारीक केलेले, दाराच्या चौकटीला धरून उभा.

"यशे."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. "काय, दादा?"

"काका म्हणतेत, तुझ्याकडं औषध हाय म्हून."

"आहे."

"मंग मला कामून देत न्हाईस?"

ती उठून उभी राहिली. "दादा, कारभारीमामा आठवतो? त्याला आवाज ऐकू यायचे. शेवटी विहिरीत सापडला. ते आपल्या रक्तात असंल, तर या औषधानं ते जागं होऊ शकतं. होईलच असं नाही. पण झालं तर परत झोपवता येईल का, मला माहीत नाही."

"झालं तं झालं. ह्याच्यापरीस वाईट काय व्हायचंय?"

"तेच मला माहीत नाही. माणसाला किती द्यायचं, कोणी शेजारी बसायचं, ते मला शिकवलेलं नाही. मी माशांना देते, दादा. तू मासा नाहीस."

त्याने चौकट सोडली. मग म्हणाला, "तुला शिकवायला काढलं तवा मी इचारलं व्हतं का, की पास व्हशील का म्हून?"

मी सुईतला दोरा सोडून दिला होता. वर बघायचं धाडस झालं नाही.

"नाही विचारलंस," ती म्हणाली.

"मंग दे."

"नाही."

त्याने फेकलेली मेथीची परात गॅलरीतून खाली आली, माझ्या जाळ्यावर. तो अनवाणी जिना उतरला, माझ्या अंगावरून गेला आणि गल्लीतून खाडीकडे चालायला लागला. ती कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं, आता ही माझा उद्धार करणार.

"काका," ती म्हणाली, "दोन वर्षांनी त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आणि त्याला मला नाही म्हणावं लागलं."

मग म्हणाली, "त्याच्या मागे जा. जवळ जाऊ नका."

मी गेलो. जेट्टीच्या टोकाला तो पाय सोडून बसला होता. मी दहा हातांवर बसलो. भरती चढत होती. आधी चर भरले, मग गाळ झाकला, मग कांदळवनाची मुळं गेली आणि सगळीकडे एकच पाणी झालं, त्यात संध्याकाळचं आभाळ सांडलेलं. तो रडत होता की शिव्या देत होता ते कळत नव्हतं. ओठ हलत होते. मी साठ वर्षं त्या पाण्याकडे बघतोय, पण त्या दिवशी माझं लक्ष पाण्यावर नव्हतं, नुसतं त्याच्या पाठीवर होतं. दिवे लागायच्या वेळेला तो उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भूक लागली." मी जनाला हाक मारत घरी पोचलो.

पुढचं मला तिने सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं बंद होतं. तिने ते आमच्या स्वयंपाकघरात जनाला सांगितलं, मी ओटीवर ऐकावं अशा आवाजात. त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी तिने सरांबरोबर कपाट उघडलं. ती औषध तोलत होती, आणि तोलता तोलता तिला दादाचं वजन आठवलं. अठ्ठावन्न किलो. माशाच्या मापावरून माणसाचं माप काय होईल तो हिशेब तिच्या डोक्यात आपोआप होऊन गेला. चूक की बरोबर, ते तिला माहीत नव्हतं. पण आकडा समोर उभा होता. सर फोन घ्यायला बाहेर गेले होते. चिमूटभरही लागणार नव्हतं. "चार मिनिटं उभी होते, मावशी. घड्याळात बघितली."

"मंग?"

"मग सर आले. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि कागदावर लिहून दिलं, कामून ते. ते म्हणाले, तुम्ही घेतलं तर काहीच नाही ना, मग लिहिता कशाला? मी म्हटलं, ज्याचा हात औषधावर असा थांबला होता त्याच्याकडे किल्ली ठेवू नये."

किल्ली गेली म्हणजे ते काम गेलं. पाच वर्षांचं. दुसऱ्या कोणीतरी ते पुढे चालवलं. जना रडली. ती नाही रडली, ती जनाला पोळ्या लाटू लागली.

गौतमला मग दवाखान्यात नेलं ते तिने नव्हे. तो स्वतः गेला, भांडायला. "डॉक्टरलाच इचारतो, माझी बहीण बरोबर हाय का मी." आधी दोनदा त्याने गोळ्या सुरू करून सोडल्या होत्या. या वेळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तासभर बोलू दिलं, मामाचं सगळं विचारलं आणि शेवटी सांगितलं की बहीण बरोबर आहे. तो तणतणत घरी आला. पण पुढच्या आठवड्यात परत गेला, कारण भांडण संपलं नव्हतं. असं करत त्याच्या गोळ्या बदलल्या, बोलणं सुरू झालं, दर गुरुवारी जाणं ठरलं. कधी कधी परत भिंतीकडे वळायचा. पण चार दिवस गेले की गॅलरीत दिसायचा. बरा झाला, असं मी लिहिणार नाही. बरा झाला असं तीही कधी म्हणाली नाही.

मी माफी मागितली नाही. मला ते जमत नाही, लहानपणापासून. चिंबोरी आणून वरच्या दारात ठेवायचो आणि खाली यायचो. अवसेचीही आणि पौर्णिमेचीही. ती रिकामं भांडं धुऊन परत ठेवायची. महिन्याभराने त्या भांड्यात माझ्यासाठी चिठ्ठी होती. "काका, तुमचं उधाण मी शेवटच्या अहवालात घातलं आहे. नावासकट." मी ती जनाकडून दोनदा वाचून घेतली, तसं मला वाचता येतं.

पावसाळा सरल्यावर तिला जालन्याच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. घर जवळ, आई तिथेच. जायच्या दिवशी सकाळी मी रिक्षातून त्यांच्यासोबत महामार्गावरच्या थांब्यापर्यंत गेलो. जनाने सुकट आणि बोंबील बांधून दिले होते, बसमध्ये वास सुटेल म्हणून तीन पिशव्यांत. गाड्यांचा धूर आणि सकाळचं ऊन मिसळून सगळा रस्ता पिवळा झाला होता. एसटी आली. ती चढली, तो चढला. मी खिडकीखाली उभा राहिलो.

ती आतल्या बाजूला बसली होती आणि खिडकीची जागा भावाला दिली होती. गौतमने बॅग वर टाकली, बसला, आणि परत उठला.

"यशे, इकडं ये. तुला बस लागती. लहानपनापासून लागती."

"नाही लागत आता. बस तू."

"म्हनतो ना मी. सरक."

ती उठली. मी त्या पोरीला कोणाचं मुकाट्याने ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. ती खिडकीशी बसली. काच घट्ट बसलेली होती, उघडेना. गौतम तिच्या अंगावरून वाकला आणि दोन्ही हातांनी काच ओढायला लागला. एकदा सरकली, अडकली. त्याने कंडक्टरला दोन शब्द सुनावले, दात आवळले, पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. काच धाडकन पूर्ण मागे गेली आणि वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले.

तिने ते बाजूला केले नाहीत. डोळे मिटून ती तशीच वारा घेत बसली. मी हात वर केला. तो गौतमने पाहिला, तिने नाही. बस सुटली.